शंका-समाधान : क्लोरीन टाकूनही पोटात जिआर्डिया कसा?

प्रश्न : आमच्या सहा वर्षांच्या मुलाला तीन आठवड्यांपासून पातळ शौचास होत आहे. ताप नाही, रक्त पडत नाही; परंतु शौच तेलकट असते, पाण्यावर तरंगते आणि त्याला फार दुर्गंधी येते. पहिल्या दोन तपासण्यांत काहीच निघाले नाही, तिसऱ्या वेळी मात्र जिआर्डियाच्या सिस्ट आढळल्या. फेब्रुवारीत शाळेत त्याला जंताची गोळी दिली होती, सोसायटीच्या टाकीत नियमित क्लोरीन टाकले जाते आणि आम्ही यूव्ही यंत्रातले पाणी पितो. मग हा रोग आला कोठून? घरातील सर्वांनी औषध घ्यावे का? सासूबाई दूध बंद करा म्हणतात, ते योग्य आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : जंताच्या गोळीविषयी आधी लिहितो, कारण हा गैरसमज मला सुशिक्षित घरांतही वारंवार आढळतो. 10 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळांमधून दिली जाणारी अल्बेंडाझोलची एक मात्रा गोल कृमी, अंकुश कृमी यांसारख्या, डोळ्यांना दिसू शकणाऱ्या जंतांसाठी असते. जिआर्डिया हा जंत नव्हेच. तो एकपेशीय परजीवी आहे आणि सूक्ष्मदर्शकाखेरीज दिसत नाही. अल्बेंडाझोल सलग काही दिवस दिल्यास त्याच्यावरही चालते, पण एका गोळीने तो हटेल अशी अपेक्षा धरता येत नाही. हा जीव पहिल्यांदा दिसला तो 1681 मध्ये, डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या कापडव्यापाऱ्याला आणि तोही त्याच्या स्वतःच्याच पातळ शौचात. शास्त्रीय कुतूहल कोणत्या थराला जाऊ शकते, याचा हा नमुना म्हणावा लागेल.

आता क्लोरीनकडे वळू. लहान आतड्यात जिआर्डिया मोकळा असतो, मात्र शौचावाटे बाहेर पडताना तो स्वतःभोवती चिवट कवच तयार करतो आणि या कवचबंद अवस्थेलाच अहवालात सिस्ट म्हटले आहे. थंड, ओलसर जागी ती कित्येक आठवडे जिवंत राहते. प्रतिलिटर 1 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असलेल्या स्वच्छ पाण्यात ई. कोलाय हा जीवाणू मिनिटभरही टिकत नाही, जिआर्डियाला सुमारे 45 मिनिटे लागतात, तर त्याचा भाऊबंद म्हणावा असा क्रिप्टोस्पोरिडियम दहा दिवसांहून अधिक काळ तग धरतो. म्हणजे तुमच्या टाकीतील क्लोरीन निरुपयोगी नाही. कॉलरा व टायफॉइड यांपासून ते तुमचे रक्षण करतेच, पण गढूळ पाण्यात घाईघाईने ओतलेल्या क्लोरीनकडून या कवचधारी मंडळींच्या बंदोबस्ताची अपेक्षा धरू नये. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात 1993 च्या वसंतात, मिशिगन सरोवरातून येणाऱ्या, क्लोरीन मिसळलेल्या व गाळलेल्या नळाच्या पाण्यातून सुमारे चार लाख लोकांना क्रिप्टोस्पोरिडियमचे जुलाब झाले, कारण त्या दिवसांत एका केंद्रातील गाळणी नीट काम करीत नव्हती आणि पाण्याचा गढूळपणा वाढला होता. आपल्याकडे याला आणखी एक वाट मिळते : जेथे दिवसातून काही तासच पाणी येते, तेथे पुरवठा बंद झाल्यावर नळवाहिनीतील दाब उतरतो आणि वाहिनीला भेग असली की शेजारच्या गटाराचे पाणी तिच्यात ओढले जाते.

तुमचे यूव्ही यंत्र चांगल्या स्थितीत असेल आणि त्यात येणारे पाणी गढूळ नसेल, तर त्या पाण्यावर मी संशय घेणार नाही. पण मुलगा दात कोणत्या पाण्याने घासतो, कोशिंबिरीची काकडी कोणत्या पाण्याने धुतली जाते, शाळेबाहेरच्या गोळ्याचा बर्फ कोठून येतो, हे कोण पाहते? शिवाय पाणी हा अनेक मार्गांपैकी केवळ एक मार्ग आहे. दहा सिस्टदेखील रोग जडवण्यास पुरेशा ठरू शकतात आणि एक बाधित मूल दिवसाला कोट्यवधी सिस्ट बाहेर टाकते. शाळेच्या स्वच्छतागृहाची कडी, तेथून आलेला न धुतलेला हात आणि मग सर्वांनी मिळून खाल्लेला डबा, एवढी साखळी पुरते. बाधा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सहसा एक ते दोन आठवडे जातात, त्यामुळे नेमका दिवस आठवत बसणे व्यर्थ आहे. टाकी ठरलेल्या वेळी धुवावी, परंतु या एका निदानावरून ती दोषी ठरवू नये.

पहिल्या दोन तपासण्यांत काही न दिसणे हा प्रयोगशाळेचा हलगर्जीपणा असेलच असे नाही. सिस्ट रोज सारख्या प्रमाणात पडत नाहीत, म्हणूनच वेगवेगळ्या दिवशींचे तीन नमुने मागितले जातात. औषध (बहुधा टिनिडाझोल किंवा मेट्रोनिडाझोल) मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांनीच ठरवावे. घरातील ज्यांना जुलाब, पोटफुगी अशी लक्षणे आहेत त्यांनी शौचतपासणी करून घ्यावी. काहीच त्रास नसलेल्यांना सरसकट औषधाची गरज सहसा नसते. मात्र कोणाला आव व रक्त पडू लागले, तर तो जिआर्डिया नव्हे. तेथे अमीबा किंवा जीवाणूजन्य अतिसार यांचा विचार करावा लागतो. अमीबा यकृतात गळूही करू शकतो, म्हणून उरलेल्या गोळ्या परस्पर देऊ नयेत.

शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबण व वाहत्या पाण्याने हात चोळून धुवावेत. दप्तरातल्या सॅनिटायझरवर विसंबू नये, कारण क्रिप्टोस्पोरिडियमवर त्यातील अल्कोहोलचा परिणाम होत नाही. यंत्र बिघडले तर पाण्याला खळखळून उकळी आणून एक मिनिट ठेवले तरी पुरते. पंधरा-वीस मिनिटे गॅस जाळण्याचे कारण नाही. मुलगा पोहायला जात असल्यास जुलाब थांबेपर्यंत त्याला तलावावर पाठवू नये.

दुधाच्या बाबतीत सासूबाईंचे म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर आहे. जिआर्डियामुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि दुधातील साखर पचवणारे विकर काही काळ कमी पडते. त्यामुळे औषधाने परजीवी गेल्यावरही दूध पिताच पुन्हा पोट बिघडते आणि पालकांना औषध लागू पडले नाही असे वाटते. तीन-चार आठवडे दुधाऐवजी दही किंवा ताक द्यावे आणि नंतर अर्ध्या कपापासून दूध पुन्हा सुरू करावे.