चोंबडा की भोचक?

प्रिय मनू,

रविवारी व्हिडिओ कॉलवर आजीने मावशीला काहीतरी विचारलं आणि उत्तर तू दिलंस. त्यावर आजी म्हणाली, "चोंबडा आहे नुसता!" फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "बाबा, ती सगळ्यांचे पगार विचारते, मग तिला कोणी चोंबडी का म्हणत नाही?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही.

तू 'चोंबडा'चा अर्थ 'नोझी' असा लावलास. नोझी म्हणजे खरं तर भोचक. भोचक माणूस प्रश्न टोचतो: पगार किती, घर कितीला पडलं, लग्नाला तीन वर्षं झाली, गोड बातमी कधी? चोंबडा विचारत बसत नाही. दुसऱ्यांच्या बोलण्यात मधेच तोंड घालतो, नाहीतर इकडचं तिकडे नेऊन सांगतो. हात घालतो तो लुडबुड्या. कणीक मळताना तू परातीत बोटं घालतोस, ती लुडबुड. आगाऊ म्हणजे वयाला न शोभेल असं पुढे पुढे करणारा. गाडीचं आगाऊ आरक्षण मात्र चांगलं असतं!

चोंबडा, चोंबडी, चोंबडं असं रूप बदलतं. भोचक मुलगा, भोचक काकू, भोचक प्रश्न, सगळीकडे भोचकच. चांभारचौकशा हा शब्दही कानावर येईल. आम्ही तो सर्रास वापरायचो, पण त्यात एका जातीला उगाच गोवलंय. तो उचलू नकोस.

आता तुझा प्रश्न. चोंबडा वरून खाली म्हणतात: आजी नातवाला, ताई धाकट्याला, आणि त्यात निम्मं कौतुक असतं. खालून वर म्हटलं की तो अपमान होतो. हे न्याय्य आहे का? मला नाही वाटत. आमच्या चाळीत दारं रात्रीपर्यंत उघडी असायची. "आज भाजी कसली?" यात कोणाला भोचकपणा दिसत नसे, कारण विचारणारीच्या घरून वाटीभर आमटी यायची आणि आमच्या घराची किल्लीही तिच्याकडेच असायची. आजी अजून त्याच हिशेबाने विचारते. इथे आपल्याला शेजाऱ्याचं आडनावही माहीत नाही, म्हणून तिचा प्रश्न जास्त टोचत असेल. की तो तेव्हाही टोचायचा आणि कोणी बोलत नव्हतं? आजीलाच विचारलं पाहिजे.

तोवर, तिने माझा पगार विचारला तर "बाबाला विचार" एवढंच म्हण आणि फोन माझ्याकडे दे. आकडा सांगून टाकलास तर मात्र मीही तुला चोंबडाच म्हणेन.

तुझा,
बाबा