पायथॉनमध्ये लिस्टचा उपवर्ग करून अनुक्रमांक १ पासून सुरू करता येतो का?

होय, लिस्टच्या उपवर्गात ‘__गेटआयटम__’, ‘__सेटआयटम__’ आणि ‘__डेलआयटम__’ या (अनुक्रमे घटक वाचणाऱ्या, बदलणाऱ्या व काढणाऱ्या) मेथड नव्याने लिहून धन अनुक्रमांकातून १ वजा केल्यास ते साधते. ० आल्यास मात्र ‘इंडेक्सएरर’ (अनुक्रमांक चुकीचा असल्याची त्रुटी) द्यावा. स्लाइसही (लिस्टचा सलग तुकडा मागण्याची पद्धत) याच मेथडकडे येतो, त्याची तपासणी वेगळी करावी लागते. खरी अडचण पुढे आहे: सीपायथॉनमधील (सी भाषेत लिहिलेली पायथॉनची नेहमीची आवृत्ती) ‘पॉप’, ‘इन्सर्ट’, ‘इंडेक्स’ या मेथड सी भाषेत लिहिलेल्या असून मूळ साठ्यावर थेट काम करतात, त्यामुळे तुमच्या बदलाची दखल न घेता त्या ० पासूनच मोजतात. म्हणून ‘म्युटेबलसिक्वेन्स’ या अमूर्त वर्गाचा (ज्याच्या तयार मेथड तुम्ही लिहिलेल्या मेथडमार्फतच काम करतात) उपवर्ग करणे मला अधिक योग्य वाटते. तेथे ‘__इटर__’ (लूपला एकेक घटक देणारी मेथड) मात्र स्वतः लिहावे, कारण त्याचे तयार रूप ० पासून सुरुवात करते आणि लगेच ‘इंडेक्सएरर’ मिळाल्याने फॉर लूप, कोणतीही तक्रार न करता, एकही घटक न देता संपतो.