जुनी गाडी आणि लांबचा पल्ला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी पेट्रोलवर चालणारी गाडी १६ वर्षांची असून तिचे १ लाख ३० हजार किलोमीटर झाले आहेत. एरवी ती घर ते कार्यालय एवढीच, दिवसाला जेमतेम १० किलोमीटर धावते. पुढच्या महिन्यात घरातील चौघांनी तिच्यातून जाऊन-येऊन सुमारे २,००० किलोमीटरचा प्रवास करावा, असे मनात आहे. गॅरेजमध्ये दाखवली तेव्हा १७ कामांची यादी हाती पडली. मुलगा म्हणतो, ही गाडी नेऊच नका. यादीतील कोणती कामे खरोखर करावीत, आणि मुळात गाडी न्यावी का?

उत्तर : न्यावी, असे माझे मत आहे, मात्र निघायचे पुढच्या महिन्यात असेल तर तयारी याच आठवड्यात सुरू करावी. आपल्या पत्रातील गाडीच्या वयाने किंवा किलोमीटरच्या आकड्याने मी फारसा बिचकलो नाही. बिचकलो तो दिवसाला १० किलोमीटर या आकड्याने. इतक्या थोड्या अंतरात इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होते, त्यामुळे अर्धवट जळलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ इंजिन ऑइलमध्ये साठत राहते, बॅटरी कधीच पूर्ण चार्ज होत नाही, आणि पंप, पंखा, नळ्या यांच्यावर पूर्ण ताण येण्याचा प्रसंगच येत नाही. परिणामी त्यांच्यातला दोष असला तरी तो आपल्याला आजवर दिसलेला नाही. अशा गाडीच्या डिपस्टिकवरही (ऑइलची पातळी दाखवणाऱ्या सळईवरही) विश्वास ठेवता येत नाही, कारण दोन-तीन तास महामार्गावर धावल्यावर ऑइलमध्ये मिसळलेले पेट्रोल व पाणी उडून जाते आणि काल काठोकाठ दिसणारी पातळी आज खाली आलेली दिसते. म्हणून ऑइल आणि त्याचा फिल्टर निघण्यापूर्वी पंधरा दिवस आधी बदलून घ्यावा आणि मग त्या ऑइलवर गाडी थोडी दूर पळवून पाहावी.

आता त्या १७ कामांविषयी. यादी हाती घेऊन प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न लिहावा : हे केले नाही तर गाडी थांबेल का, की थांबणारच नाही? दोन्ही प्रकार वाईट आहेत आणि पैसे आधी तिथेच खर्च झाले पाहिजेत. गाडी थांबवणाऱ्या गोष्टींत पहिला मान टायमिंग बेल्टचा, म्हणजे इंजिनातील व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याचा. आपल्या इंजिनाला साखळी आहे की पट्टा, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. पट्टा असेल आणि तो कधी बदलला याची नोंद सापडत नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे. उत्पादकाने दिलेली मुदत बहुतेक गाड्यांत ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान असते आणि तिच्याबरोबर वर्षांचीही मर्यादा असते, कारण रबर गाडी उभी असतानाही म्हातारे होते. हा पट्टा तुटण्यापूर्वी आवाज करीलच असे नाही, आणि अनेक इंजिनांत तो तुटताच व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनाचे मोठे काम निघते. पट्टा बदलतानाच वॉटर पंप आणि पट्टा ताणून धरणारा टेन्शनरही पाहून घ्यावेत, कारण तिथवर पोहोचण्याची मजुरी एकदाच द्यावी लागते.

न थांबणाऱ्या गाडीचा विषय म्हणजे ब्रेक. लायनिंग किंवा पॅड किती उरले आहेत हे सगळेच पाहतात. ब्रेक ऑइल मात्र वर्षानुवर्षे तेच राहते. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रकारचे ताजे ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट असते, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. शहरात त्याने काही बिघडत नाही. लांबलचक उतारावर ब्रेक सतत दाबून धरले की ते तापतात, द्रव उकळतो, नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पायाखालचे पेडल एकाएकी स्पंजासारखे मऊ लागते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे, आणि शेवटचे कधी बदलले हे आठवत नसेल तर उत्तर मिळालेच.

इंधनाच्या नळीबद्दल आपल्या यादीत काही लिहिले आहे का, हे जरूर पाहावे. जुन्या रबरी नळ्यांना इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मानवतेच असे नाही. नळी हाताने वाकवून पाहिली असता पृष्ठभागावर बारीक भेगा दिसल्या किंवा बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास आला, तर गाडी तेवढ्यावरच थांबवावी. हा प्रश्न आगीचा आहे.

उरलेल्या यादीत दरवाजाची करकर, किंचित खडखडणारा बुश, पोचा, एसीची थोडी कमी झालेली गारवण असे काही असेल तर ते परत आल्यावर करावे. स्टिअरिंगमध्ये ढिलाई असेल किंवा शॉक अॅब्सॉर्बरमधून तेल गळत असेल, तर ते मात्र या वर्गात मोडत नाही.

एक गोष्ट मी स्वतः फटका खाऊन शिकलो आहे. एका प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी मी उत्साहाने थर्मोस्टॅट (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, म्हणजे कूलंटची, वाट तापमानानुसार उघडणारी झडप) आणि रेडिएटरची वरची नळी नवी बसवून घेतली. दुसऱ्या दिवशी ९० किलोमीटरवर गाडीत गोडसर वास येऊ लागला. बॉनेट उघडले तर नळीचा क्लॅम्प पाइपाच्या कडेवर अर्धवट चढलेला होता आणि हिरव्या कूलंटचा एकेक थेंब तापलेल्या एक्झॉस्टवर पडून चर्र करीत होता. इंजिन निवेपर्यंत थांबून, क्लॅम्प मागे सरकवून स्क्रूड्रायव्हरचे चार फेरे दिले आणि काम भागले. पण त्या जागी जुनी नळी असती तर ती निदान ओळखीची तरी असती. नव्या सुट्या भागातला दोष आणि बसवणाऱ्याची चूक बहुधा पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये बाहेर येते. म्हणून कामे झाली की निघण्यापूर्वी किमान आठवडाभर आधी, चौघांना आणि सामानाला घेऊनच, १५० किलोमीटरची एक फेरी करावी. तीत थोडा चढ, थोडा वेग आणि थोडी गर्दी असावी. परतल्यावर गाडी रात्रभर एका मोठ्या पुठ्ठ्यावर उभी करावी. सकाळी पुठ्ठ्यावर कोणत्या रंगाचा डाग कुठे आहे, हे यादीतल्या बऱ्याच कलमांपेक्षा अधिक बोलके असते. ऑइल किती उतरले, तापमानाचा काटा एरवी कुठे असतो आणि चढणीवर कुठे जातो, हे वहीत लिहावे. १,००० किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खाणारी जुनी गाडी खुशाल न्यावी, फक्त ते प्रमाण आपल्याला ठाऊक असावे आणि डिकीत ऑइलचा डबा असावा. मुलालाही त्या फेरीत बरोबर घ्यावे. त्यानंतरही त्याचा आक्षेप कायम राहिला, तर तो ऐकण्यासारखा असेल.

प्रश्न : आमची १४ वर्षांची गाडी सपाटीवर दिवसभर धावते, पण घाट चढू लागली आणि एसी चालू असला की तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकतो. गर्दीत उभी असताना असे होत नाही. दोष कुठे असावा, आणि रस्त्यात असे झाले तर काय करावे?

उत्तर : आपण केलेले निरीक्षणच निम्मे निदान आहे. गर्दीत तापून वेगात निवणाऱ्या गाडीत बहुधा पंखा किंवा त्याचा स्विच बिघडलेला असतो. आपल्या गाडीचे उलट आहे, म्हणजे पंखा ठीक आहे, पण इंजिनावर पूर्ण भार आला की निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकण्याची ताकद कमी पडते. रेडिएटर आतून गाळाने किंवा बाहेरून मातीने, किड्यांनी बुजलेला असू शकतो, थर्मोस्टॅट पुरता उघडत नसेल, किंवा वॉटर पंपाची पाती झिजली असतील. खालच्या नळीकडेही पाहावे : ती पंपाच्या ओढीच्या बाजूला असते, आणि जुनी होऊन मऊ पडली की इंजिन जोरात फिरू लागताच आत चेपली जाते. उभ्या गाडीत एकाने अॅक्सिलरेटर दाबावा आणि दुसऱ्याने पंख्यापासून हात दूर ठेवून नळीकडे पाहावे. ती चपटी होताना दिसली तर फार शोधावे लागणार नाही. एसीचा कंडेन्सर बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या पुढे असतो, त्यामुळे एसी लावला की रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते आणि इंजिनाला कॉम्प्रेसरही ओढावा लागतो. आपली गाडी काठावरची होती, एसीने तिला पलीकडे ढकलले.

रेडिएटरच्या टोपीकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून दोन वाक्ये तिच्यासाठी. तिची स्प्रिंग आत साधारण १ बार जादा दाब धरून ठेवते आणि त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. टोपीचे रबर गेले की हा दाब राहत नाही, कूलंट आधीच उकळू लागते आणि बाकी सगळे धडधाकट असूनही गाडी तापते.

गाडी रस्त्यात तापू लागली तर आधी एसी बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि हीटर पूर्ण वेगाने लावावा. आतल्यांना त्रास होईल, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो. वरच्या गिअरमध्ये इंजिनाला रेटत न राहता एक गिअर खाली घ्यावा. त्याने पंप जोरात फिरतो आणि इंजिनावरचा ताणही कमी होतो. मिनिटभरात काटा उतरू लागला नाही किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागा पाहून थांबावे व इंजिन बंद करावे. काटा लाल रेघेवरून अचानक खाली आला आणि हीटरमधून थंड हवा येऊ लागली, तर खूश होऊ नये. कूलंट निघून गेल्यावर सेन्सरभोवती द्रव उरत नाही, म्हणून काटा खोटे सांगतो. तेव्हा त्याच क्षणी थांबावे.

टोपी तापलेली असताना उघडू नये, हे सर्वांना माहीत असते आणि तरीही पाचव्या मिनिटाला कोणीतरी फडके घेऊन पुढे सरसावते. आत ११० अंशांचे पाणी दाबामुळे पाणी म्हणून टिकलेले असते. टोपी सैल होताच दाब जातो, त्यातले काही पाणी क्षणार्धात वाफ होते आणि ती वाफ उरलेले उकळते पाणी हातावर, तोंडावर फेकते. निदान तासभर थांबावे आणि वरची नळी हाताला कोमट व मऊ लागली तरच टोपीला हात लावावा. पाणीही हळूहळू ओतावे, कारण तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी पडले तर सिलिंडर हेडला तडा जाऊ शकतो. त्यानंतर सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येत राहिला किंवा ऑइल दुधाळ दिसले, तर हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालची सांधा बंद ठेवणारी चकती) गेल्याची शक्यता मोठी आहे आणि गाडी टोचन करूनच न्यावी.

प्रश्न : माझ्या गाडीचे टायर ९ वर्षांचे आहेत, पण वापर कमी असल्याने नक्षी नव्यासारखी आहे. ते बदलणे उधळपट्टी ठरणार नाही का?

उत्तर : नाही. बदलावेत. टायरच्या बाजूच्या भिंतीवरील सांकेतिक क्रमांकाच्या शेवटी चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. पाच-सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावेत, आणि १० वर्षांच्या पुढे नक्षी कशीही असली तरी ते वापरू नयेत, असा सल्ला अनेक उत्पादक देतात. गोटा झालेला टायर निदान डोळ्यांना दिसतो. वाळलेल्या रबराच्या आतले थर सुटू लागलेले दिसत नाहीत आणि भरलेल्या गाडीने तासन् तास वेगात धावताना टायर तापला की ते उलगडतात. कमी हवा हे तापण्याचे मुख्य कारण असल्यामुळे दाब सकाळी, टायर गार असताना मोजावा आणि तो भरल्या गाडीसाठी दाराच्या चौकटीवरील चिकटपट्टीत दिला असेल तितका ठेवावा. दुपारी तो चार-पाच पीएसआयने वाढलेला दिसतो. म्हणून हवा काढू नये. स्टेपनीवरचे चार आकडेही वाचावेत. गाडीबरोबर आलेला पाचवा टायर बहुधा अजून तोच असतो.

प्रश्न : जुन्या गाडीत प्रवासाला निघताना बरोबर कोणते सामान ठेवावे?

उत्तर : दुकानभर सामान घेतले तर त्याच्या वजनानेच गाडी दमेल. कूलंट किंवा पाणी, लिटरभर ऑइल, फॅन बेल्ट, एक वरची नळी आणि दोन क्लॅम्प, योग्य आकड्यांचे फ्यूज, जंपर केबल, डोक्याला लावायचा टॉर्च, टोचनाची दोरी आणि धोक्याचा त्रिकोण एवढे पुरे आहे. बेल्ट आपल्याला बसवता येत नसला तरी ठेवावा, कारण आडमार्गावर मेकॅनिक भेटतो, पण त्या मॉडेलचा पट्टा भेटत नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे घरी एकदा चाक बदलून पाहावे. गॅरेजमध्ये नट हवेच्या गनने आवळलेले असतात आणि गाडीबरोबर मिळालेल्या आखूड पान्याने ते हलत नाहीत. लांब दांड्याचा पाना लागेल, हे अंगणात कळलेले बरे. अलॉय चाकाला कुलपी नट असेल तर त्याची चावी शोधून पान्याबरोबरच बांधून ठेवावी. जॅक लावण्याची जागा बोटाने दाबून पाहावी. तिथला पत्रा गंजून पापडासारखा झाला असेल, तर जॅक गाडी उचलण्याऐवजी पत्र्यात घुसतो.

प्रश्न : आमच्या गाडीला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही आणि एअरबॅगही नाहीत. लांबच्या प्रवासात चालवण्याच्या पद्धतीत काही बदल करावा का?

उत्तर : अंतर वाढवावे. पुढची नवी गाडी ओल्या रस्त्यावर जेवढ्या जागेत सरळ रेषेत थांबते, तेवढ्यात आपण थांबू असे समजू नये. पुढचे वाहन एखाद्या खांबाजवळून गेल्यावर आपण तिथे पोहोचेपर्यंत कोरड्या रस्त्यावर किमान तीन सेकंद आणि पावसात त्याच्या दुप्पट वेळ जावा. चाके जाम होऊन गाडी घसरू लागली तर ब्रेकवरचा पाय क्षणभर सैल करावा, म्हणजे चाके पुन्हा फिरू लागतील आणि स्टिअरिंग ऐकेल. उतारावर जुन्या चालकांचा नियम पाळावा : ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचवण्याचा मोह तर मुळीच नको. टपावरच्या कॅरिअरवर जड बॅगा ठेवू नयेत, कारण गुरुत्वमध्य वर गेला की वळणावर गाडी अधिक झुकते. मागच्या आसनावरील सर्वांनी पट्टे लावावेत. हेडलाइटच्या काचा पिवळट झाल्या असतील तर त्या पॉलिश करून घ्याव्यात आणि तरीही रात्रीचे तास कमीत कमी ठेवावेत. पहाटे लवकर निघून दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोहोचावे.