यरुशलेमेच्या वाटेवरचे दिवस

जालना
उपवासकाळाचा तिसरा आठवडा

प्रिय लेकी,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. लहानपणापासून घरात सगळे ज्याला साधा रातांधळेपणा म्हणत आले, त्याचे नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, तो आनुवंशिक आहे, कडेची दृष्टी हळूहळू आकसत जाईल आणि किती वर्षांत किती जाईल हे कोणालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही, एवढे डॉक्टरांनी तुला सांगितले आहे. पत्रात मात्र तू डोळ्यांविषयी थोडे आणि विश्वासाविषयी पुष्कळ लिहिले आहेस. ‘येशूला आपले मरण आधीपासून ठाऊक होते आणि तरी तो निर्भयपणे चालत गेला. मला माझे भविष्य कळल्यापासून झोप नाही. मग माझा विश्वास खोटा आहे का?’ असे तू विचारतेस.

प्रश्नातले पहिले वाक्यच मला मान्य नाही. ‘निर्भयपणे’ हा शब्द शुभवर्तमानातला नाही, तो आमच्या प्रवचनांतून तुझ्यापर्यंत आला असावा, आणि रविवारच्या शाळेत शिकवताना मीही तो बेफिकिरीने वापरला असेन. मार्कच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय पुन्हा काढून वाच. गेथशेमाने बागेत तो व्याकूळ झाला, आपला जीव मरणाइतका खिन्न झाला आहे असे त्याने शिष्यांना सांगितले, तो जमिनीवर पडला आणि शक्य असेल तर हा प्याला टळावा अशी त्याने प्रार्थना केली. तीही एकदा करून तो उठला नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर त्याच्या आक्रोशाचा आणि अश्रूंचाही उल्लेख आहे. ‘गेथशेमाने’ या शब्दाचा अर्थ तेलाचा घाणा असा आहे, आणि ज्याने आपल्याकडचा करडईचा लाकडी घाणा फिरताना पाहिला आहे त्याला त्या नावाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तेव्हा झोप न लागणे हे अविश्वासाचे लक्षण असेल, तर त्या रात्री सर्वांत मोठा अविश्वासी कोण ठरेल याचा विचार कर.

निश्चयाची जागा त्या बागेच्या बरीच आधी येते. लूकच्या नवव्या अध्यायात, एक्कावन्नाव्या वचनात, येशूने यरुशलेमेस जाण्यासाठी आपले तोंड तिकडे स्थिर केले असे सांगितले आहे. या शब्दांमागे यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या पन्नासाव्या अध्यायातला सेवक उभा आहे, जो मारणाऱ्यांपुढे पाठ करतो आणि आपले तोंड गारगोटीसारखे करतो. आपल्या बालाघाटच्या रानात गारगोट्या पायाखाली येतात, त्यामुळे ही उपमा तुला परकी वाटणार नाही.

पण मला तुला दाखवायचे आहे ते याच्या पुढचे. नवव्या अध्यायात तोंड वळवलेला येशू यरुशलेमेत पोहोचतो तो एकोणिसाव्या अध्यायात. मधले जवळजवळ दहा अध्याय केवळ वाट आहे, आणि त्या वाटेवर काय काय घडते ते पाहा. मार्थेच्या घरी तो उतरतो. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तो याच वाटेवर सांगतो, उधळ्या पुत्राचीही. अठरा वर्षे वाकलेली एक स्त्री सरळ उभी राहते. यरीहोजवळ एक आंधळा ओरडतो, तर गर्दी त्याला दटावत असताना हा थांबतो. यरीहोतच जक्कय नावाच्या जकातदाराला झाडावरून खाली बोलावून त्याच्या घरी तो पाहुणा होतो, आणि तिथून यरुशलेमेची चढण जेमतेम एका दिवसाची उरलेली असते. पुढे काय वाढून ठेवले आहे ते त्याने शिष्यांना वारंवार स्पष्ट सांगितले होते. तरीही त्या सांगण्यामुळे मधला एकही दिवस त्याने अगोदरच मरू दिला नाही. निश्चय म्हणजे काय याचे याहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही.

हे मी उशिरा शिकलो. तुझ्या काकूंच्या दुखण्याला उपाय उरला नाही असे कळले तेव्हा त्यांच्या हाती सात महिने होते, आणि त्यांतले पहिले तीन मी वाया घालवले. मी घरात दबक्या आवाजात बोलू लागलो, पाहुण्यांना दारातूनच परत पाठवू लागलो, त्यांच्या हातातले निवडायचे गहूसुद्धा काढून घेऊ लागलो. एके दिवशी त्या म्हणाल्या, “मी अजून भाकरी थापते आहे आणि तुम्ही दफनविधीहून परत आल्यासारखे बसला आहात.” त्यानंतर आम्ही पुन्हा भांडू लागलो, हसू लागलो, आणि उरलेले चार महिने आमचे झाले. पहिल्या तीन महिन्यांचे दुःख मला आजही अधिक आहे.

आता एक अडचण आहे आणि ती मी तुझ्यापासून लपवणार नाही. येशूचे दुःख त्याने पत्करलेले होते. आपला प्राण कोणी हिरावून घेत नाही, आपण होऊन तो देतो, असे तो योहानाच्या शुभवर्तमानात म्हणतो. कैसरियात अगब नावाच्या संदेष्ट्याने प्रेषित पौलाच्या कमरबंदाने स्वतःचे हातपाय बांधून यरुशलेमेत त्याच्या वाट्याला येणारे बंधन दाखवले, सगळे रडू लागले, तरी पौल तिकडे निघाला. त्याला मागे फिरता आले असते. आपल्या जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणाऱ्या नारायण शेषाद्रींनी 1843 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा जातीबाहेर पडण्याची किंमत त्यांना ठाऊक होती. या सर्वांनी निवड केली. तुझे डोळे तू कोणाला अर्पण केलेले नाहीत, ते जात आहेत. ‘आपला वधस्तंभ उचल’ हे वचन प्रत्येक आजारावर चिकटवणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो.

न निवडलेल्या दुःखासाठी मी यिर्मया संदेष्ट्याकडे जातो. बाबेलात बंदिवान होऊन गेलेले दोन वर्षांत सुटून येतील असे वचन हनन्या नावाचा संदेष्टा यरुशलेमेत देत होता आणि ते ऐकायला गोडही होते. यिर्मयाने मात्र सत्तर वर्षे सांगितली, आणि त्या बंदिवानांना पत्र धाडले की घरे बांधा, मळे लावा, त्यांची फळे खा. मंडळीतल्या ज्या कोणी तुला सांगितले आहे की पुरेसा विश्वास ठेव, तपासण्या बंद कर, डोळे पूर्ववत होतील, त्यांच्या मनात माया असेलही; पण ते हनन्याचे बोलणे आहे. बरे होण्यासाठी प्रार्थना अवश्य कर, गेथशेमानेत तीच प्रार्थना झाली होती. तिचे उत्तर कोणी तुझ्या नावावर आधीच लिहून दिले, तर मात्र ते घेऊ नकोस. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यातही काही कमीपणा नाही. जिवे मारण्याचा बेत ठरल्यावर येशूही काही काळ एफ्राईम गावी जाऊन राहिला होता. टाळता येण्यासारखे ते टाळावे.

घरे बांधा, म्हणजे तुझ्या बाबतीत काय, ते सांगतो. 1972 च्या दुष्काळात मी शाळकरी होतो. पाऊस हुकला तसा विहिरीत पाणी किती परस उरले हे वडील रोज मोजत, आणि तळ दिसण्याच्या आतच त्यांनी एक बैल विकला, कडबा नीट रचून ठेवला, खडी फोडण्याच्या कामावर दोघांची नावे घातली. शेजारच्यांनी त्यांना भित्रा म्हटले. पुढे मिलो ज्वारीची लाल भाकरी आम्हीही खाल्ली, पण दुसरा बैल दावणीला राहिला. तू ब्रेल आताच शिकायला घे, दिसत असताना. फोन वाचून दाखवतो ती सोय रोज तासभर वापर. दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी लाजेखातर पुढे ढकलू नकोस. 2016 च्या कायद्याप्रमाणे किमान 40 टक्के दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखीव आहेत आणि त्यांतली 1 टक्का अंध व अल्पदृष्टी असणाऱ्यांची आहे. बी.एड. सोडण्याचा विचार तर मनातून काढून टाक.

आणि हे एकटीने करू नकोस. बागेत त्यानेही तिघांना जवळ घेतले आणि जागे राहा म्हणून विनवले. ते झोपले, हे खरे. तरी त्याने विनवले. वसतिगृहातल्या त्या मैत्रिणीला अजून सांगितले नाहीस असे लिहितेस, ते या आठवड्यात सांग.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे येशूच्या यरुशलेम-प्रवेशाच्या सणाला, इकडे ये. पाळकसाहेबांना विचारून त्या दिवशीचे लूकचे वाचन मी तुझ्याकडे दिले आहे, अध्याय एकोणिसावा, अठ्ठाविसाव्या वचनापासून. मोठ्या अक्षरांत लिहून ठेवतो. शनिवारी अंबाजोगाईहून सकाळचीच गाडी धर, म्हणजे उजेड असताना पोहोचशील. नातू स्थानकावर उभा राहील.

तुझा,
गुरुजी