नामाचा आकडा आणि विटेवरचे पाय

‘मावशी, माझे बाबा वारकरी होते. आठ महिन्यांपूर्वी ते गेले आणि त्यांचा नेम मी उचलला. संध्याकाळी हरिपाठ, मग ‘रामकृष्णहरि’च्या ११ माळा, शेवटी डोळे मिटून विठ्ठलाचं ध्यान. पण हातात माळ फिरते आणि डोक्यात ऑफिस, मुलाची परीक्षा, नणंदेचं बोलणं. डोळे मिटले की विठ्ठल दिसतच नाही. अंधार दिसतो, नाहीतर बाबांचा चेहरा, आणि मग रडू येतं. आमच्या नामजपाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज आकडा टाकावा लागतो. दोन महिने झाले, मी ३ माळा करून ११ लिहिते. नवरा परवा म्हणाला, कबीर वाच जरा, माळ हातात फिरते आणि मन चारी दिशांना, हे कसलं स्मरण! झोंबलं, कारण खरंच आहे ते. मी ढोंगी आहे का? सोडून देऊ का हे सगळं?’

अगं, आकड्याचं आधी उरकू, ते सोपं आहे.

जपाची माळ गोमुखीत, म्हणजे त्या कापडी पिशवीत, का घालतात ठाऊक आहे ना? कुणाला दिसू नये म्हणून. किती मणी ओढले, हात थांबला की चालतोय, शेजारी बसलेल्यालाही कळू नये. एवढी जपून ठेवायची गोष्ट आपण रोज रात्री चाळीस जणांना कळवत बसलो, तर त्यात खोटं शिरणारच. तुझी एकटीचीच ही गोष्ट असेल असं मला अजिबात वाटत नाही. आणि गंमत बघ. हरिपाठ म्हणताना तू अभंगामागून अभंग एकच पालुपद घोळवतेस, ‘हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा । पुण्याची गणना कोण करी’. २७ अभंग संपले की मोबाईल उघडून गणना पाठवतेस! मला वाचताना हसू आलं. तुलाही येऊ दे.

ग्रुपवर एक ओळ लिही, ‘जप चालू आहे, यापुढे आकडा टाकणार नाही.’ बस्स. गेल्या दोन महिन्यांची जाहीर कबुली वगैरे देऊ नकोस, तीही पुन्हा ग्रुपला दाखवण्यासाठीच होईल. माळेचे १०८ मणी आहेत ते हाताला ‘झालं, ऊठ’ एवढं कळावं म्हणून. तुझा हात तिसऱ्या माळेला उठतो, तर तुझा नेम तीन माळांचा. बाबांचे ११ हे बाबांच्या दिवसातून आले होते. तुझ्या दिवसात ऑफिस आहे, मुलाची परीक्षा आहे आणि नणंदही आहे.

आता भटकणारं मन. एक विचारते, जप मोठ्याने करतेस की मनात? मला वाटतं मनातच. जपाचे तीन प्रकार सांगतात. वाचिक म्हणजे ऐकू येईल असा, उपांशु म्हणजे ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू जात नाही असा, आणि मानस. मनुस्मृतीत मानस जपाचं फळ हजारपट सांगितलंय, म्हणून जो तो पहिल्या दिवसापासून वरच्या पायरीवर जाऊन बसतो आणि दहाव्या मण्याला डुलक्या काढतो. दमलेल्या माणसाने खालून सुरुवात करावी. मोठ्याने म्हण, चाल लावून म्हण, टाळ असतील तर घे. तोंड आणि कान दोन्ही गुंतले की मनाला पळायला वाट थोडी अरुंद होते. बंद होत नाही हं. माझी आजी हरिपाठ म्हणता म्हणता मांजराला हाकलायची, दूध उतू गेलं म्हणून सुनेला हाक मारायची आणि त्याच सुरात पुढचं चरण उचलायची. तिला कधी ‘माझं लक्ष लागत नाही’ अशी खंत वाटल्याचं मला आठवत नाही. दूध उतरवायचं आणि परत यायचं, तिच्या लेखी दोन्ही त्याच संध्याकाळचं काम.

ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात देव अर्जुनाला आधी म्हणतात, मन आणि बुद्धी पूर्ण माझ्यात ठेव. आणि ते जमत नसेल तर? तिथे ज्ञानदेवांनी जी ओवी लिहिली आहे ती मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवली आहे. ‘तरी गा ऐसें करीं । यया आठां पाहारांमाझारीं । मोटकें निमिषभरी । देतु जाय’. आठ प्रहरांतला मोजका निमिषभर. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ! पुढे ते म्हणतात, या निमिषांची गोडी लागत गेली की शरद ऋतूत नदीचं पाणी ओसरतं तसं चित्त आपोआप प्रपंचातून निघू लागतं. नदी कुणी उपसत नाही. तुझ्या तीन माळांमध्ये ३२४ वेळा नाम येतं. त्यातल्या चार वेळा तरी तू तिथे असशीलच की. मग मागायचं राहिलं काय?

ध्यानाबद्दल मात्र जरा सविस्तर बोलते, कारण तिथे तुझी वाट चुकली आहे असं मला वाटतं. डोळे मिटले की आख्खा विठ्ठल टीव्हीसारखा समोर लागावा अशी तुझी अपेक्षा दिसते. सुरुवात तिथून नसते करायची. भागवताच्या दुसऱ्या स्कंधात ध्यानाची रीत आहे, एकेक अवयव घ्यायचा, पायांपासून सुरुवात करून हसऱ्या मुखापर्यंत जायचं. एक स्थिर झाला की पुढचा. ‘सुंदर तें ध्यान’मध्ये तुकोबाही तेच करतात, नीट बघ. विटेवर उभं असणं, कटीवरचे हात, तुळशीहार, पीतांबर, कानांतली मकरकुंडलं, कंठातला कौस्तुभ. सावकाश नजर फिरवलीय नुसती. (आपण मराठीत एखाद्याला ‘काय ध्यान आहे’ म्हणतो, तो शब्द इथूनच घसरत गेला असावा. ज्याच्याकडे बघतच राहावं असं काहीतरी!)

तेव्हा पायांवरच थांब. महिनाभर, वर्षभर. तू बाबांबरोबर पंढरपूरला गेली असशील, त्यांनी तुझं डोकं त्या पायांवर टेकवलं असेल. कपाळाला काय लागलं होतं, गार होतं की ओलसर, तेवढंच आठव. डोळ्यांना नाही आठवत ते कपाळाला आठवतं. तेही नाही जमलं तर सरळ डोळे उघड आणि भिंतीवरच्या तसबिरीकडे बघ. भागवताच्या अकराव्या स्कंधात मूर्तीचे आठ प्रकार दिलेत. दगडाची, लाकडाची, धातूची, मातीचंदनाची, चित्रातली, वाळूची, मनातली आणि रत्नाची. मनातली ही आठांतली एक. बाकी सात उघड्या डोळ्यांनी बघायच्याच आहेत.

आणि बाबांचा चेहरा. तो हाकलू नकोस. तू हाकलत असणार, मग अपराधी वाटत असणार, मग रडू. अगं, हा देव विटेवर उभा कशामुळे आहे? पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता, त्याला उठायला सवड नव्हती, म्हणून त्याने वीट सरकवली आणि सांगितलं, थांब जरा. कुणाच्या तरी बाबांच्या मागे ताटकळत उभं राहायची या देवाला अठ्ठावीस युगांची सवय आहे. तुझे बाबा पुढे आले तर येऊ देत. त्यांच्याकडे बघ, रड, मग त्यांच्या खांद्यावरून पलीकडे दिसलं तर दिसलं. आठ महिने म्हणजे काहीच नाही गं. फक्त एक, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, दिवसच्या दिवस उठावंसं वाटत नसेल, तर समुपदेशकाकडे जा. ते काम जपावर टाकू नये.

राहिला नवरा. त्याचा दोहा बरोबर आहे, माणूस चुकला. माळ ओढली म्हणजे झालं, असं मानून जे सुखात बसले आहेत त्यांच्यासाठी तो कान उपटणं आहे. तू तर आधीच स्वतःला टोचत बसली आहेस. त्याला एवढंच म्हण, की कबीर आवडतात ना, मग संध्याकाळी पाच मिनिटं शेजारी येऊन बस आणि मोठ्याने म्हण माझ्याबरोबर. येईल कदाचित. नाही आला तर निदान त्या वेळात कुकर तरी बंद करेल.

उद्यापासून नेम असा ठेव. हरिपाठाचा एक अभंग, तीन माळा मोठ्याने, आणि मग पाय. आषाढीच्या गर्दीत नको, एखाद्या साध्या दिवशी पंढरपूरला जाऊन ये. गाभाऱ्यात पायांवर डोकं टेकवायला दोन-तीन सेकंद मिळतील, मागून ‘चला माउली, पुढे चला’ सुरू होईलच. तेवढ्यात कपाळाला काय लागलं ते लक्षात ठेवून घरी घेऊन ये.