वाळूचं घड्याळ अडकतंय? ग्लू गन आधी खाली ठेवा

मुलीने दोन बाटल्या तोंडाला तोंड लावून चिकटवल्या, वाळू चार सेकंद पडते, थांबते, टिचकी मारली की पुन्हा पडते, आणि परवा शाळेत न्यायचंय, हे तुमचं वाचलं आणि आमच्या घरचा असाच एक जुलै महिना आठवला. चिरंजीव तेव्हा तिसरीत. (मी बँकेत नोकरी करते, विज्ञानाची शिक्षिका नाही. त्या बेताने वाचा.)

वाळू चाळणे, धुणे वगैरे तुम्ही केलंच असेल. पुण्याच्या पावसाळ्यात ती तव्यावर कोरडी भाजूनही घ्या. पण तुमचा घोटाळा ओलीचा नसावा. मीही ओलच समजले आणि तीन रात्री घालवल्या. चिकटवलेलं उचकटायचं, वाळू भाजायची, पुन्हा चिकटवायचं. परत तेच! बोटांना चटके बसले ते वेगळेच.

चूक अशी होती की वेळ मी उघड्या बाटलीवर मोजली होती. बूड कापलेल्या बाटलीतून वाळू झकास पडते, कारण वरून हवा आत येते. दोन्ही बाटल्या बंद केल्या की खालच्या बाटलीतली हवा मधल्या त्याच भोकातून वर यायला बघते, वाळू खाली. बारीक वाळू आणि लहान भोक असेल तर दोघांची कोंडी होते. उपाय म्हणजे भोक वाढवा, मैद्यासारखी बारीक पूड चाळून टाका आणि जाडसर वाळू ठेवा. कणाच्या निदान पाच-सहापट रुंद भोक हवंच. आणि आधी नुसत्या सेलोटेपने जोडून दहा वेळा उलटसुलट करा, सेकंद लिहा, मगच गोंद. उलटताना बाटली दाबू नका, मऊ प्लास्टिक दाबलं की वेळ बदलते.

मीठ-रवा वापरू नका. मीठ दमट होतं, रव्यात किडे होतात. खसखस छान पडते, पण भाव बघता ती अनरशांनाच ठेवा.

शाळेच्या कागदावर 'अचूक १ मिनिट' असं छापलेलं होतं. आमचं ७४ सेकंदांचं झालं, लाल शेरा मिळाला. दर वेळी ७४च येत होते, हे कुणी बघितलंच नाही. अजून राग येतो. वास्तविक ६० हवे असतील तर थोडी वाळू काढायची, बस. वाळू उंचीची फारशी पर्वा न करता एका गतीने पडते, म्हणून अर्धी वाळू म्हणजे जवळपास अर्धा वेळ. पाण्याचं तसं नाही, पातळी उतरली की धार मंदावते.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर घटिकापात्र करा. जुन्या लग्नांत घंगाळात तरंगती तांब्याची वाटी ठेवत, तळाच्या बारीक छिद्रातून पाणी भरून ती २४ मिनिटांत बुडाली की एक घटिका. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला तापल्या सुईने भोक पाडा (तुम्ही, मुलीने नाही). नुसतं प्लास्टिक बुडणार नाही, आत रुपयाची नाणी ठेवा. नाणी वाढवली की लवकर बुडतं, त्यामुळे वेळ जुळवायला भोकाशी खेळावं लागत नाही. फक्त नाण्याखाली भोक झाकलं जात नाही ना ते बघा, आणि पाणी गाळून घ्या.

परवाच न्यायचं असेल तर मात्र आहे तेच उघडा, भोक वाढवा आणि सेलोटेपवरच पाठवा. बाटलीवर मुलीलाच सेकंद लिहू दे.