करंजाच्या तेलाचा उतारा कमी येतोय? सॉक्सलेटच्या आधी बी तपासा

तुमचा प्रश्न आणि सगळे आकडे नीट वाचले. नंतर येणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडतो. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुम्ही करंजाच्या बियांचं तेल पेट्रोलियम ईथर वापरून सॉक्सलेटवर (गरम द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून तेल काढणारं काचेचं उपकरण) चार तास काढलं. उतारा १९.४ टक्के आला, पुस्तकांत २७ ते ३९ टक्के दिलाय. ॲसिड व्हॅल्यू (तेलातल्या मोकळ्या आम्लांचं माप) २४ आणि आयोडीन व्हॅल्यू (तेल किती असंपृक्त आहे त्याचं माप) ६१ आली. बी गेल्या उन्हाळ्यात गोळा केलेलं आणि पावसाळाभर गोणीत ठेवलेलं. आता द्रावक बदलून मेथॅनॉल घ्यावं का, असं तुम्ही विचारताय.

द्रावक अजिबात बदलू नका. ६० ते ८० अंशांत उकळणारं पेट्रोलियम ईथर या कामाला उत्तम आहे, हेक्झेन घेतलंत तरी फारसा फरक पडणार नाही. मेथॅनॉल घेतलंत तर फ्लास्कचं वजन वाढेल, पण त्यात शर्करा, फिनॉल वर्गातले पदार्थ असं बरंच काही उतरलेलं असेल. तो आकडा तेलाचा उतारा म्हणून लिहिता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की तुमच्या तिन्ही आकड्यांपैकी निदान ॲसिड व्हॅल्यू तरी गोणीत असतानाच ठरून गेली होती.

करंजाची शेंग पिकली तरी आपोआप फुटत नाही. चपटी, टणक शेंग फोडली की आत बहुधा एकच बी निघतं. ही शेंग पावसाळ्याआधी झाडावरून उतरवली किंवा पडल्यापडल्या वेचली, तर आतला गर फिकट आणि कडक असतो आणि नखाने दाबला तर तेलकट डाग सोडतो. तेच बी भिजलं किंवा कोंदट जागेत राहिलं की गर तपकिरी, मऊ होतो आणि वासही बदलतो. बियांतलं लायपेज हे विकर ओलावा मिळताच तेलाचे रेणू तोडायला लागतं, बुरशी आली तर तिचीही विकरं भर घालतात. त्यातून मोकळी मेदाम्लं सुटतात. ॲसिड व्हॅल्यू २४ म्हणजे ओलेइक आम्लाच्या हिशेबात सुमारे १२ टक्के मोकळी मेदाम्लं. म्हणजे तेलाचा जवळजवळ आठवा हिस्सा काढण्याआधीच तुटलेला होता. ते तुमच्या सॉक्सलेटने केलेलं नाही.

म्हणून पुढच्या वेळी बी हातात आल्यावर पहिलं काम निवडण्याचं. किडीची भोकं असलेलं, बुरशी धरलेलं, सुरकुतून हलकं झालेलं बी बाजूला काढा. ते टाकून मात्र देऊ नका, त्याचं तेल वेगळं काढा. चांगल्या आणि खराब बियांची ॲसिड व्हॅल्यू शेजारी शेजारी मांडलीत तर तुमच्या प्रबंधातलं सगळ्यात उपयोगी पान तेच होईल. हे झाड आपल्याकडे रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, खाडीच्या कडेने सगळीकडे आहे, शिंबावर्गातलं असल्याने मुळांवरच्या गाठींतून नत्र स्थिर करतं, आणि तरी दरवर्षी कितीतरी बी जागेवरच कुजतं. २००३ नंतर देशात जैवइंधनाची मोठी मोहीम निघाली तेव्हाही सगळा भर मोगली एरंडावर गेला, करंज मागेच राहिला. गावातल्या घाणेवाल्याला किंवा बचतगटाला हवी असलेली माहिती हीच आहे की बी किती दिवस आणि कसं ठेवलं तर तेल बिघडतं.

आता उताऱ्याचं. १९.४ टक्के कशाचे, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. टरफलासकट शेंगेचे, सालीसकट बियांचे की सोललेल्या गराचे? ओल्या वजनावर की सुक्या? समजा गरात १५ टक्के पाणी असेल, तर तुमचे १९.४ सुक्या वजनावर २२.८ होतात. म्हणजे यंत्राला हात न लावताच जवळजवळ साडेतीन टक्के वाढतात. १०५ अंशांवर ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवून ओलावा काढा आणि प्रत्येक आकड्यापुढे आधार लिहा. पुस्तकातला २७ ते ३९ हा पट्टाही वेगवेगळ्या झाडांचा, वेगवेगळ्या भागांचा आहे. गावठी घाण्यावर साधारण १८ ते २२ आणि एक्स्पेलरवर २४ ते २७ टक्के निघतं असं मानतात, म्हणजे सॉक्सलेटने तुम्हाला घाण्याएवढंच दिलंय. तिथे शंका घ्यायलाच हवी.

माझी शंका दळण्यावर आहे. करंजाचा गर मिक्सरमध्ये सलग फिरवला की तापतो, तेल सोडतो आणि भांड्याच्या कडेला लगदा चिकटतो. तसा लगदा थिंबलमध्ये (सॉक्सलेटमध्ये भुकटी भरून ठेवायची नळी) भरला तर द्रावक बाजूने वाट काढून निघून जातं. थोडा थोडा गर घ्या, मिक्सर थांबवत थांबवत चालवा, गरज पडली तर निर्जल सोडियम सल्फेट मिसळा म्हणजे भुकटी मोकळी राहते. दळलंत की त्याच दिवशी लावा, कारण गर फुटला की लायपेजला मोकळं रान मिळतं. चारऐवजी सहा ते आठ तास चालू द्या. आणि सगळ्यात खात्रीची कसोटी म्हणजे चोथा काढून, वाळवून, पुन्हा बारीक करून परत लावणं. दुसऱ्या फेरीत एक टक्क्याहून जास्त तेल आलं तर पहिली फेरी अपुरी होती. शेवटी फ्लास्कचं वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. द्रावक मागे राहिलं तर उतारा फुगतो आणि पुढच्या प्रत्येक चाचणीचा आकडा पडतो. गरम करायला हीटिंग मँटल किंवा वॉटर बाथच घ्या, जवळ ज्योत नको.

आयोडीन व्हॅल्यू ६१ मला पटत नाही. करंजाची साधारण ८० ते ९० च्या घरात असते. विज द्रावण (आयोडीन मोनोक्लोराइडचं) वापरलंत तेव्हा नमुना किती घेतला होता? या तेलाला पाव ग्रॅम पुरतो. नमुन्याला लागलेलं थायोसल्फेट ब्लँकच्या (तेल न घालता केलेली तीच चाचणी) निम्म्याहून कमी असेल, तर तेल जास्त झालं आणि आयोडीन मोनोक्लोराइड अपुरं पडलं, तो आकडा सोडून द्या. बाटली अंधारात किती वेळ होती तेही पाहा. कार्बन टेट्राक्लोराइडऐवजी सायक्लोहेक्झेन चालतं, तेच वापरा.

ॲसिड व्हॅल्यूचं टायट्रेशन करंजात नेमकं कुठे फसतं ते सांगतो. तेल गडद पिवळं-तपकिरी असतं, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग बुडून जातो आणि आपण थेंब टाकत राहतो. दहा ग्रॅम नमुना घ्यायची पद्धत इथे सोडा. एक ग्रॅम तेल पन्नास मिली अल्कोहोल-ईथर मिश्रणात विरघळवा, मिश्रण आधी उदासीन करून घ्या, खाली पांढरी टाइल ठेवा. ०.१ नॉर्मल पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) असेल तर तुमच्या तेलाला सव्वाचार मिलीच्या आसपास लागायला हवं. तरीही शेवट दिसत नसेल तर अल्कली ब्लू ६बी घ्या किंवा सरळ पीएच मीटर लावा.

जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफी, तेलात कोणतं मेदाम्ल किती ते सांगणारी चाचणी) नमुना पाठवणार असाल तर दोन गोष्टी. त्यासाठी आधी मेदाम्लांचे मिथाइल एस्टर करतात, ते करताना थंड पोटॅशची झटपट पद्धत इथे नको. ती मोकळ्या मेदाम्लांचं एस्टर करत नाही आणि तुमच्या तेलात तीच १२ टक्के आहेत. आम्ल उत्प्रेरकाची पद्धत घ्या. दुसरं, करंजाच्या तेलात ओलेइक सगळ्यात जास्त असतं, पण बेहेनिक हे २२ कार्बनचं संपृक्त आम्लही चार-पाच टक्के असतं. प्रयोगशाळेने रन लवकर थांबवला तर ते शिखर येतच नाही आणि उरलेल्यांची बेरीज १०० करून तक्ता हातात पडतो. तक्त्यात बेहेनिक नसेल तर मूळ आलेख मागून घ्या.

करंजिन मोजायचं मनात असेल तर जरूर मोजा. हा स्फटिकरूप फ्युरॅनोफ्लॅव्होन पुण्याच्या द. बा. लिमये यांनी १९२५ च्या सुमारास याच तेलातून वेगळा काढला. इथे मात्र मेथॅनॉल कामाचं आहे: काढून झालेलं तेल मेथॅनॉलबरोबर हलवा, करंजिन त्यात उतरतं, टीएलसीच्या (पातळ थरावर घटक वेगळे करायची पद्धत) प्लेटवर अतिनील प्रकाशात दिसतं. तेल कडू आणि खायला अयोग्य आहे, पेंडही प्रक्रिया न करता गुरांना घालू नये. खत म्हणून मात्र ती चांगली, कारण करंजिन जमिनीतल्या नायट्रीकरणाचा (अमोनियाचं नायट्रेट होण्याचा) वेग कमी करतं.

आत्ता नवीन बी मिळणार नसेल तर आहे त्याच गोणीतलं निवडून दोन गट करा आणि ओलावा, चोथ्याची दुसरी फेरी, एक ग्रॅमवरची ॲसिड व्हॅल्यू एवढंच आधी करा. आकडे आले की इथे टाका, ब्लँकच्या रीडिंगसकट.